उसातला बछडा : अंधारात चमकणाऱ्या बाहुल्यांचं नाटक पहिल्यांदा करताना

नाशिकच्या एम. जी. रोडवर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो. तो घेऊन या, रात्री खोलीतले दिवे घालवा आणि पाचशेच्या नोटेवर धरा. नोटेचा क्रमांक उजळून निघेल आणि कागदात विखुरलेले बारीक धागे चमकतील. दिवसा हे धागे तुमच्या डोळ्यांना दिसतही नाहीत. आपल्या नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि नकली नोट ओळखण्यासाठी जी युक्ती वापरतात, तीच या नाटकाच्या मुळाशी आहे. अतिनील प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसत नाही. फ्लोरोसंट रंग तो शोषून घेतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. म्हणून दिवा कुठे आहे ते कळत नाही, रंग मात्र स्वतःच पेटल्यासारखा दिसतो.

हाच टॉर्च घेऊन घरभर फिरा. पांढरे मोजे, शाळेचा शर्ट, मुलांचे हायलायटर, कपाटातली केशरी साडी, स्वतःचे दात. काय चमकतं आणि काय चमकत नाही, याची वहीत नोंद करा. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावते आणि त्या दिवशी दुसरं काहीही शिकवत नाही.

पुढे जे सांगणार आहे ते सगळं एका छोट्या नाटुकल्याच्या आधाराने सांगते. ते आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळांमध्ये आणि एका मोठ्या रंगमंचावर केलं आहे. आठ मिनिटांचं, एकही शब्द नसलेलं. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे ऊसतोड सुरू झाली की उसात बिबट्याचे बछडे सापडतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वनखात्याची माणसं बछड्याला क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवतात आणि लांब थांबतात. रात्री मादी येते, पिल्लाला मानेला धरून उचलते आणि निघून जाते. गोष्ट एवढीच. ती मुळातच अंधारात घडते, म्हणून मी ती निवडली. तुम्हीही अशी गोष्ट शोधा जिला रात्र लागतेच. काजवे, चांदणं, गोदावरीतले मासे, ताकेदला पडलेला जटायू, पंचवटीतला कांचनमृग, असं पुष्कळ आहे. दिवसा उजेडी घडणारी गोष्ट अंधारात ढकलली की प्रेक्षक पहिली दोन मिनिटं चमक बघतात आणि तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ करायला लागतात.

आधी अंधार विकत घ्या

नवी माणसं आधी दिवे आणि रंग घेऊन येतात. माझं सांगणं उलटं आहे. हातात शंभर रुपये असतील तर साठ काळ्या कापडावर घाला.

ही कला चमकण्याची वाटते, पण उभी आहे ती लपण्यावर. काळ्या पडद्यापुढे काळे कपडे घातलेला माणूस दिसत नाही, ही जादूगारांची जुनी रीत आहे. १८८०च्या दशकात बर्लिनमध्ये मॅक्स ऑझिंगर या कलावंताने तिच्यावर प्रयोग रचले. प्रागमध्ये यिरी स्र्नेत्स यांनी १९६१ साली तिच्यातून अख्खी नाट्यसंस्था उभी केली आणि ‘ब्लॅक लाइट थिएटर’ हे नाव जगभर झालं. जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यात बाहुली चालवणारी काळ्या कपड्यांतली माणसं प्रेक्षकांसमोर उघड उभी असतात, तरी थोड्या वेळाने ती दिसेनाशी होतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत असत. आडनावाची अक्षरं उलटी केली की हे नाव तयार होतं. काय दाखवायचं यापेक्षा काय झाकायचं, हे जादूगाराला आधी कळतं. आपल्यालाही तेच आधी शिकायचं आहे.

कापडपेठेत किंवा मेन रोडला जाताना तो टॉर्च आणि मोबाइल दोन्ही बरोबर ठेवा. दुकानदार साटीन दाखवेल, कारण ते दिसायला छान असतं. घेऊ नका. साटीनची प्रत्येक घडी उजेड परत फेकते. मखमल घ्या, म्हणजे आपलं काळं वेलवेट. परवडत नसेल तर मांजरपाटासारखं जाड, बिनचमकीचं सुती कापड. ताग्याची घडी उघडून काउंटरच्या खाली, सावलीत धरा आणि त्यावर टॉर्च मारा. काही काळी कापडं या प्रकाशात तांबूस किंवा जांभळट दिसतात आणि दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये ते अजिबात कळत नाही. एकाच ताग्यातलं सगळं घ्या. पडदा एका काळ्याचा आणि अंगरखा दुसऱ्या काळ्याचा झाला तर माणसाची आकृती कापून चिकटवल्यासारखी उठून दिसते.

आमच्या पहिल्या प्रयोगात अडचण वेगळीच झाली. सगळ्यांना अंगरखे घरी धुऊन आणायला मी सांगितलं होतं. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या बऱ्याच पावडरींत चकाकी आणणारी द्रव्यं असतात. ती कापडात राहतात आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. पडदा उघडला आणि उसाच्या मागे पाच जांभळी भुतं उभी. समोरच्या रांगेतला एक लहानगा रडायला लागला. त्या दिवसापासून आमचे काळे कपडे वेगळे ठेवले जातात. ते साध्या पाण्याने किंवा रिठ्याने धुतले जातात, आणि प्रत्येक प्रयोगाआधी प्रत्येकाच्या अंगावरून टॉर्च फिरतो. शिवणीचा पांढरा दोरा, कॉलरमागचं लेबल, बुटाची नाडी, मखमलीला चिकटलेला कापसाचा तंतू, सगळं दिसतं. तंतूंसाठी रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळा आणि कपड्यावर थापत जा. वेळ लागतो. घाई करू नका.

चेहऱ्यावर काळी टोपी आणि डोळ्यांपुढे काळी जाळी हवी. हातमोजे कोपरापर्यंत हवेत. दात चमकतात, म्हणून बाहुली चालवणाऱ्याने तोंड मिटूनच ठेवायचं. मुलांना हे कठीण जातं, कारण बछडा उड्या मारायला लागला की त्यांना हसू येतं. जाळी दाट असली की हसू झाकलं जातं. तेवढी मोकळीक मुलांना हवीच.

हॉल पाहायला जाताना

कालिदास कलामंदिर किंवा साईखेडकर नाट्यगृह हे पुढचं स्वप्न. सुरुवात लहान हॉलपासून करा, जिथे शेवटची रांग तीस-पस्तीस फुटांवर असेल. भर दुपारी बारा वाजता जा, सगळ्या खिडक्या-दारं लावून घ्या आणि पाच मिनिटं आत उभे राहा. सुरुवातीला अंधार गच्च वाटतो. पाच मिनिटांत डोळे सरावले की दाराखालची फट, एसीच्या पॅनेलवरचा हिरवा ठिपका, वरच्या झडपेतला उजेड एकेक दिसू लागतं. जे दिसलं ते झाका. फक्त बाहेर पडायच्या दारावरचे दिवे आणि पाट्या झाकू नका, झाकू देऊ नका. त्या उजेडाने प्रयोग थोडा फिका झाला तरी चालेल. हॉल मुलांनी भरलेला असणार आहे.

शक्य असेल तर प्रयोग संध्याकाळी सातनंतर ठेवा. अर्धी मेहनत वाचते. एप्रिल-मेमध्ये काळ्या कपड्यात, टोपीत, बंद हॉलमध्ये उकाड्याने जीव जातो. दर वीस मिनिटांनी टोपी काढायची आणि पाणी प्यायचं, हा आमच्याकडे नियम आहे.

दिवे

बाजारात अतिनील एलईडी फ्लडलाइट मिळतात. त्यावर प्रकाशाच्या तरंगलांबीचा नॅनोमीटरमधला आकडा असतो, तो विचारा. ३९५च्या आसपासचे स्वस्त असतात आणि थोडा जांभळा उजेडही फेकतात, त्यामुळे काळा पडदा जांभळट दिसू शकतो. ३६५चे महाग, पण अंधार अंधारच राहतो. सुरुवातीला ३९५चे चालतात, फक्त ते पडद्यावर थेट पडणार नाहीत असे लावा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अतिनीललाच इंग्रजीत यूव्ही म्हणतात, पण जंतू मारण्यासाठी वापरतात त्या यूव्ही-सी ट्यूब पूर्णपणे वेगळ्या. करोनाच्या काळापासून त्या दुकानांत सर्रास दिसतात. दिसायला त्या निळसरच असतात आणि ‘यूव्ही’ म्हणून मागितलं की कुणीही त्या हातात ठेवेल. त्या डोळे आणि कातडी भाजतात. खोक्यावर २५४ नॅनोमीटर किंवा ‘जर्मिसायडल’ असं लिहिलेलं असेल तर ती वस्तू हॉलच्या आतही आणायची नाही. खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊच नका.

योग्य दिव्याकडेही टक लावून बघायचं नसतं. दिवे बसवणाऱ्याला सातपूर-अंबडच्या सेफ्टीच्या दुकानात मिळणारा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा द्या. तो अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतो.

मांडणी साधी असते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर दिवे, त्यांच्यापुढे सहा-आठ इंच उंचीची काळी फळी म्हणजे प्रेक्षकांना दिवा दिसणार नाही. दोन्ही विंगांमधून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशांतून, एकेक दिवा आडवा. मधे प्रकाशाचा जो पट्टा तयार होतो, त्यातच बाहुल्या खेळायच्या. चालवणारी माणसं शक्यतो पट्ट्याच्या मागे आणि काळा पडदा त्यांच्याही मागे पाच-सहा फूट. दिव्यापासून लांब गेलं की चमक झपाट्याने उतरते, म्हणून जमिनीवर दोरीने पट्ट्याची हद्द आखून घ्या. पायाला दोरी लागली की कळतं, आता बाहेर चाललो.

चमक तीन प्रकारची असते

पहिली फ्लोरोसंट, जिच्याबद्दल आत्तापर्यंत बोललो. दिवा बंद झाला की ती त्याच क्षणी विझते, आणि हाच तिचा मोठा फायदा.

दुसरी ईएल वायर, बाजारात तिला ‘निऑन वायर’ही म्हणतात. आत तांब्याची तार, तिच्यावर चमकणाऱ्या पदार्थाचा थर, भोवती केसासारख्या दोन तारा आणि वर प्लास्टिक. सेलवर चालणारा छोटा इन्व्हर्टर तिला जास्त दाबाची, वेगाने बदलणारी वीज देतो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या लाइटवायर थिएटरने या तारेने बाहुल्या आणि नर्तक रेखाटून मुलांसाठी प्रयोग केले. तिला दिवे लागत नाहीत, म्हणून हॉल कुठलाही चालतो. पण इन्व्हर्टर बारीक आवाजात गुणगुणतो. तो स्पंजमध्ये गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवा. कापलेली टोकं झाकून घ्या, नाहीतर हाताला झटका बसेल. आणि गुडघा, कोपर अशा ठिकाणी तार ताणून लावू नका, तिथे सैल वळण ठेवा. तार नेहमी सांध्यावरच तुटते.

तिसरी उजेड साठवून ठेवणारी, स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची. मुलांच्या खोलीत छताला चांदण्या लावतात, ती. काही मिनिटांत ती मंद होते, म्हणून नाटकात तिच्यावर विसंबू नका. विंगेच्या आतल्या बाजूला रस्ता दाखवणारे ठिपके लावायला ती उत्तम.

आपल्याकडे या सगळ्यालाच लोक ‘रेडियम’ म्हणतात आणि तिथे फसगत होते. गाडीच्या नंबरप्लेटवर लावतात ते रेडियम फक्त आलेला उजेड परतवतं. हेडलाइट समोर नसेल तर ते अंधारात काहीच करत नाही. रेडियमवाल्याकडे फ्लोरोसंट स्टिकरही असतात, पण टॉर्च मारून बघितल्याशिवाय मीटरभरही कापून घेऊ नका.

बाहुली

आता बछडा करू. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत दीड फूट. डोकं आणि धड ईव्हीए फोमच्या शीटचं, आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा. आकाशकंदील घरी केला असेल किंवा येवल्याच्या संक्रांतीत पतंग बांधायला बसला असाल तर कामटीचा हात तुम्हाला आधीच आहे. मला नव्हता. बुरूडकाकांच्या दुकानात मी वाकवलेली तिसरी कामटी मोडली, तेव्हा त्यांनी ती हातातून घेतली आणि म्हणाले, “ताई, साल बाहेरच्या अंगाला ठेवा. पोट बाहेर काढलं तर ती मोडणारच.” हिरवी साल ताण सहन करते, आतला गर करत नाही. तेव्हापासून एकही मोडली नाही.

मानेच्या मागे एक मूठ बसवा. तीच बाहुलीचा जीव आहे. मागचे पाय सायकलच्या स्पोकच्या दांड्यांवर, दांड्यांना काळं कापड गुंडाळलेलं. वजन एक किलोच्या आत ठेवा. हात लांब करून धरलेली बाहुली तिसऱ्या मिनिटाला दुप्पट जड लागते.

रंग. आधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा हात, तो वाळला की त्यावर फ्लोरोसंट. काळ्यावर थेट लावलेला फ्लोरोसंट रंग मरतो, कारण खालचा काळा रंग प्रकाश गिळतो. पोपटी, पिवळा आणि केशरी सगळ्यांत जोरात उठतात, निळा मागे पडतो.

पण रंग कुठे लावायचा, हा खरा प्रश्न. आम्ही पहिला बछडा नाकापासून शेपटीपर्यंत केशरी रंगवला आणि वर काळे ठिपके काढले, कारण बिबट्या तसाच असतो. अंधारात तो दुकानातल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसला. सपाट, जड. मग आमच्यातल्या एका मुलीने त्यावर काळा रंग चढवायला सुरुवात केली. ती एकेक भाग पुसत गेली आणि आम्ही दिवे घालवून बघत गेलो. शेवटी उरलं ते एवढंच : पाठीवरचे ठिपके, पण आता ठिपकेच केशरी आणि बाकी अंग काळं, पाठीच्या कण्याची तुटक रेघ, कानांच्या कडा, शेपटीचं टोक आणि दोन पोपटी डोळे. आणि बछडा श्वास घ्यायला लागला. ठिपके हलले की त्यांच्यामधलं अंग बघणाऱ्याचा डोळा स्वतःच भरून काढतो, आणि असं भरलेलं अंग कुठल्याही रंगवलेल्या अंगापेक्षा जिवंत असतं. तुमची बाहुली कुठलीही असो, आधी हवा तेवढा रंग लावा आणि मग पुसत या. ओळख टिकते आहे तोवर पुसा.

डोळ्यांवर काळ्या फोमची पापणी बसवून तिला मागून दोरा लावला की बछडा डोळे मिटतो. पापणीची ही मिटणी आमच्या प्रयोगात चार वेळाच येते, आणि चारही वेळा हॉल शांत होतो.

आईने पिल्लाला मानेला धरून उचलणं हा या गोष्टीचा सर्वोच्च क्षण, आणि तो आम्ही लोहचुंबकाने सोडवला. मादीच्या जबड्यात चुंबक, बछड्याच्या मानेत लोखंडी वॉशर. दोघांच्या मधे फेल्टचा तुकडा, नाहीतर ‘टक’ असा आवाज येतो आणि सगळं जातं. जबडा मानेला टेकला की बछड्याचा चालवणारा श्वास सोडतो आणि त्या श्वासाबरोबरच मूठ सोडतो. आधी सोडली तर बछडा पडतो, उशिरा सोडली तर ओढाताण दिसते. यावर आम्ही तीन आठवडे घालवले. त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

चालवणं

बुनराकूत एका बाहुलीला तीन माणसं असतात. मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. आमच्या मादीलाही तीन जण : एक डोकं आणि पुढचे पाय, एक धड आणि मागचे पाय, एक शेपूट. शेपटीला स्वतंत्र माणूस देणं चैन वाटेल, पण मांजरकुळातल्या प्राण्याच्या मनातलं शेपटीतच दिसतं. बछड्याला दोघे पुरतात.

पहिले दोन आठवडे उजेडात, रोजच्या कपड्यांत, मोबाइलवर चित्रण करत सराव करा. घरातल्या मांजरीकडे बघा. ती दबकत चालते तेव्हा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या जागीच पडतो. बाहुलीला हे जमलं की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण पटतं. दुसरं म्हणजे नजर. बाहुली आधी बघते, मग जाते. डोकं वळलं, थांबलं, एक श्वास, मग पाऊल. नवा माणूस बाहुलीला सतत हलवत ठेवतो, कारण थांबली की मेली असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात सतत हलणारी बाहुली फडफडणारी चिंधी वाटते.

श्वास डोकं सांभाळणारा घेतो आणि बाकीचे त्याच्या पाठीला पाठ किंवा खांद्याला खांदा लावून तो ओळखतात. अंधारात दुसरी खूण उरत नाही.

नाच

आमच्याकडे नाचतो तो ऊस. चार मुली, प्रत्येकीच्या दोन्ही हातांत सात फुटांचा काळा बांबू, त्यावर पोपटी सेफ्टी-जॅकेटच्या कापडाच्या लांब पट्ट्या. मुली दिसत नाहीत, ऊसच सरकतो, वाकतो, वाऱ्याने एका बाजूला पडतो, मादीला वाट देतो आणि तिच्या मागे मिटतो. हे बसवायला मी लेझमीचा आधार घेतला. शाळेत लेझीम खेळलेल्या मुलांच्या पायात आठचे ठोके असतातच. त्यावर ‘तिसऱ्यावर वाकायचं, सातव्यावर परत’ एवढंच सांगावं लागतं.

उन्हाळ्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव भरतो. एकदा रात्रभर थांबून तो बघा. मुखवटा घातलेल्या माणसाचा चेहरा हलत नाही, म्हणून खांदे, मान आणि गुडघे बोलतात. टोपीआड झाकलेल्या कलावंताला तेच करायचं असतं. तिथला संबळ ऐका, त्याच्या ठेक्यात थांबायच्या जागा आहेत. नाशिक ढोल माझा जीव की प्राण आहे, पण बंद अंधाऱ्या हॉलमध्ये तीन वर्षांच्या मुलाच्या छातीत तो धडकतो. आम्ही डफ, बासरी आणि वाळलेल्या उसाच्या पाचटाचा खरा आवाज वापरतो.

उजेडातला सराव पक्का झाला की अर्ध्या उजेडात, मग पूर्ण अंधारात. पहिल्या अंधाऱ्या सरावात कुणीतरी कुणावर तरी आदळणारच. म्हणून तो सराव निम्म्या वेगाने करा आणि ‘थांबा’ म्हटलं की सगळे जागीच थांबतील, ही सवय आधी लावा.

मुलं आत येतात तेव्हा

अंधाराला घाबरणं हे मुलाचं चुकणं नसतं. दिवे एकदम घालवू नका. आम्ही आधी उजेडातच बछडा हातात घेऊन मुलांसमोर येतो, त्याला उजेडात दिसतो तसा दाखवतो आणि सांगतो, “हा अजून झोपलाय. अंधार पडला की उठेल.” मग मिनिटभर दिवे हळूहळू उतरतात आणि पहिला ठिपका पूर्ण अंधाराच्या आधीच दिसायला लागतो. कुठलंही मूल गच्च काळोखात एक क्षणही राहत नाही. एवढी काळजी घेतल्यापासून रडून बाहेर न्यावं लागलेली मुलं फार थोडी.

कडेच्या खुर्च्या अगदी लहान मुलांच्या आईबाबांसाठी राखून ठेवा आणि दाराशी काळा कागद लावलेला मंद टॉर्च घेतलेला माणूस उभा ठेवा. लुकलुकणारे झगझगीत दिवे वापरू नका, काहींना त्याने फिट येऊ शकते. मोबाइल बंद ठेवायला प्रेमाने सांगा, कारणही सांगा : एका फ्लॅशमध्ये लपलेली सगळी माणसं दिसतात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सगळा कार्यक्रम अर्ध्या तासाचा पुरे. आमचं नाटुकलं आठ मिनिटांचं आणि उरलेला वेळ खेळ आणि दाखवणं.

जाहीर तिकीट लावणार असाल तर संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, शब्द नसले तरी प्रसंग लिहून द्या. हे काम प्रयोगाच्या बरंच आधी सुरू करा. राज्य बालनाट्य स्पर्धेचे नियमही एकदा वाचून ठेवा, तिथे मुलांना मोठा रंगमंच मिळतो.

प्रयोग संपल्यावर लगेच ट्यूबलाइट लावू नका. अतिनील दिवे चालू ठेवूनच टोप्या काढा. दिव्यांपुढची फळी जागेवरच असू द्या आणि मुलांना विंगेकडून चार-चार करून रंगमंचावर बोलवा. त्यांचे पांढरे शर्ट, मोजे, दात सगळं चमकायला लागतं आणि ती एकमेकांकडे बघत राहतात. मग दिवे लावा, बछडा त्यांच्या हातात द्या आणि मूठ, दोरा, चुंबक सगळं दाखवा. गुपित सांगितल्याने जादू कमी होत नाही, दुसऱ्या दिवशी घरी कुणीतरी पुठ्ठ्याची बाहुली करायला बसतं.

बाहुल्या परत नेताना काळ्या कापडाच्या पिशवीत घाला आणि कपाटात ठेवा. फ्लोरोसंट रंग उन्हाने उडतो, गॅलरीत महिनाभर राहिलेला बछडा अर्धा विझतो. पुढच्या प्रयोगाच्या आठवडाभर आधी त्याला बाहेर काढा, खोलीतले दिवे घालवा, तोच नोटांचा टॉर्च मारा आणि जे ठिपके मंदावले असतील तेवढ्यांवर रंगाचा नवा हात द्या.